आधी पावत्या, मग फोटो: कोविडच्या दोन वर्षांची आठवण-वही

कोविडच्या दिवसांची वही करायची ठरली की बहुतेक जण आधी फोटो काढून बसतात. फोटो थांबतील. थांबणार नाहीत त्या मेडिकलच्या पावत्या. एप्रिल-मे २०२१ मधली गोळ्यांची पावती, सिलिंडरच्या डिपॉझिटची चिठ्ठी, रुग्णालयाबाहेरच्या पार्किंगची, रात्री साडेअकराला घेतलेल्या चहा-बिस्किटांची, यांतल्या बऱ्याचशा थर्मल कागदावर छापलेल्या असतात. हा कागद आधी राखाडी होतो आणि मग कोरा. त्या दिवशी घरातलं कोण, कुठे, किती वाजता होतं हे मिनिटानिशी सांगणारी दुसरी वस्तू घरात क्वचितच असते, म्हणून वहीचं काम इथूनच सुरू करायचं.

कागद थर्मल आहे का, हे ओळखायला पावतीच्या रिकाम्या कोपऱ्यावर नख जोरात ओढा. काळसर रेघ उठली तर थर्मल. या कागदावर शाई नसते. वरच्या थरातच रंग होणारं रसायन असतं आणि छपाई यंत्राच्या उष्णतेने ते काळं होतं. त्यामुळे त्याचे शत्रूही वेगळे. लॅमिनेशन केलंत तर उष्णतेने अख्खा तुकडा काळा होईल. सॅनिटायझर लागलेल्या हाताने धरलात तर तिथे डाग पडेल. सेलोटेप लावलीत तर टेपच्या खालचीच अक्षरं आधी उडतील. मऊ, चकचकीत, नव्या रेनकोटसारखा वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलीत तर प्लास्टिक मऊ राहावं म्हणून घातलेलं रसायन कागदात उतरतं आणि छपाई पुसून टाकतं. पुसट पावती हेअर ड्रायरने किंवा इस्त्रीने ‘परत आणायची’ युक्ती फिरत असते, तिच्या नादी लागू नका. अक्षरांच्या जोडीने बाकीचा कागदही काळा पडतो आणि मग उरलंसुरलं वाचणंही संपतं.

करायचं ते असं. पावती सपाट करा, पण इस्त्री नको. दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून एखाद्या जाड ग्रंथाखाली दोन दिवस ठेवा. मग रंगीत स्कॅन घ्या, ३०० डीपीआयला (इंचाला तेवढे ठिपके; स्कॅनरच्या सेटिंगमध्ये असतं), आणि अक्षरं अगदी बारीक किंवा फिकट असतील तर ६०० ला. काळा-पांढरा पर्याय निवडू नका, कारण त्यात स्कॅनर स्वतःच ठरवतो की काय अक्षर आणि काय कागद, आणि फिकट अक्षरं कागदात जमा होतात. रंगीत स्कॅन हाती आला की कॉन्ट्रास्ट वाढवत, ब्राइटनेस उतरवत बघा. डोळ्यांना न दिसलेली तारीख पुष्कळदा अशी वर येते. शेवटची पायरी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडची. लेझर यंत्राची झेरॉक्स म्हणजे कागदावर वितळून बसलेली काळी भुकटी. ती पाण्याने फुटत नाही, लवकर उडतही नाही. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेली प्रत मात्र पावसाळ्यात ओल्या बोटानेही पसरू शकते. वहीत झेरॉक्स लावा. मूळ पावती कागदी पाकिटात, अंधारात ठेवा आणि ती एक दिवस कोरी होणार हे धरूनच चला.

कागदांचाच विषय निघालाय म्हणून आणखी एक. मृत्यू दाखला, आरटीपीसीआरचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड, विम्याची पत्रं, ५० हजारांच्या सानुग्रह मदतीच्या अर्जाची पोच, यांतलं मूळ काहीही वहीत चिकटवू नका. वारसाचं किंवा मालमत्तेचं काम पंधरा वर्षांनीही निघतं, आणि तेव्हा फेविकॉलने चिकटलेला दाखला सोडवत बसण्याची पाळी येते. सीटी स्कॅनच्या फिल्म उष्णतेने काळवंडतात आणि दमट हवेत एकमेकींना चिकटतात. त्या वहीत मावतही नाहीत. लॅपटॉपवर पांढरी स्क्रीन पूर्ण उजेडात लावा, फिल्म तिच्यापुढे दोन-तीन सेंटिमीटरवर धरा आणि खोलीतला दिवा बंद करून फोटो घ्या. फिल्मबरोबर सीडी मिळाली असेल तर तिच्यातला अख्खा फोल्डर जसाच्या तसा हार्ड डिस्कवर उतरवा. सीडी वाचणारं यंत्र घरात उरलं आहे का, हे आजच बघितलेलं बरं.

ऑक्सिजनची वही

त्या काळात घरोघरी एक वही झाली होती. शाळेच्या उरलेल्या वहीतली पानं, पट्टीने पाडलेले रकाने: वेळ, ऑक्सिजन, नाडी, ताप. सकाळी ६ ला ९६, दुपारी ९४, रात्री ९३, मग दर तासाला एक ओळ. कुठेतरी अक्षर बदलतं, म्हणजे पहिला माणूस झोपायला गेला किंवा त्यालाही ताप आला. कुठे एका आकड्याभोवती दोनदा गोल केलेला असतो. कुठे रकाना मध्येच थांबतो.

आठवण-वहीतलं सगळ्यात मोलाचं पान हेच आहे, आणि सजवणारा हात सगळ्यात जास्त बिघडवतो तेही हेच. पान कापून ‘सुंदर’ तुकडा लावू नका. पूर्ण पान लावा, डाग, खाडाखोड आणि मागच्या बाजूची किराणा यादीही राहू द्या. मूळ वही शाबूत ठेवून पानांच्या प्रती लावणं उत्तम. प्रतीच्या शेजारी वेगळ्या कागदावर चार गोष्टी लिहा: कोणतं अक्षर कुणाचं, ऑक्सिमीटर कुणाचा होता (शेजाऱ्यांकडून आणलेला असला तर तेही), खोली कोणती, आणि गोल केलेल्या आकड्यानंतर काय केलं. कुणाला फोन लागला, कुणाला नाही, पालथं झोपवलं का, रुग्णवाहिका किती वाजता आली. मूळ पानावर काही लिहायचं नाही, पेन्सिलीनेसुद्धा नाही. नाहीतर वीस वर्षांनी वाचणाऱ्याला कळणार नाही की हे तेव्हाचं की नंतरचं.

ऑक्सिमीटर ठेवायचा असेल तर त्यातल्या दोन्ही बारक्या बॅटऱ्या काढून ठेवा. त्या गळतात आणि यंत्र आतून हिरवं होतं. कापडी मास्क साध्या साबणाने धुऊन, कडक वाळवून कागदात गुंडाळा. इलास्टिक काही वर्षांत ताण सोडतं, चिकट होतं आणि शेजारच्या कागदाला डाग लावतं, म्हणून मास्क वहीच्या पानात नको, वेगळ्या पाकिटात.

काय लावायचं, काय राहू द्यायचं

लोक वर्तमानपत्रांचे मथळे लावतात. २२ मार्च २०२०, जनता कर्फ्यू आणि संध्याकाळी पाचच्या थाळ्या. २५ मार्चपासून टाळेबंदी. ५ एप्रिलला रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे. हे सगळं कुठल्याही ग्रंथालयात मिळेल. तुमच्या घराशिवाय कुठेच मिळणार नाही ते शोधा: फ्रिजवर लावलेली ‘भाजी मिठाच्या पाण्यात’ची चिठ्ठी, सोसायटीने कुणाकडे दूध कधी याचं केलेलं वेळापत्रक, गावी जायला काढलेल्या ई-पासची प्रिंट, पन्नास माणसांच्या लग्नाची पत्रिका आणि त्याच लग्नाची आधी छापलेली, रद्द झालेली पाचशे माणसांची पत्रिका. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हाताच्या मागे गृह-विलगीकरणाचा शिक्का मारत, त्याचा फोटो कुणीतरी हौसेने काढलेला असतो. आषाढीला माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, १ जुलै २०२० ची एकादशी. ज्या घरात दरवर्षी वारी असते त्या घराने त्या आठवड्यात काय केलं, हे वहीत हवंच. २० एप्रिल २०२१ पासून किराणा सकाळी ७ ते ११. तेव्हाच्या याद्या बघा, त्या चार तासांत उरकायच्या म्हणून किती नेमक्या लिहिलेल्या असतात.

मार्चच्या अखेरीस आणि एप्रिल २०२० मध्ये मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच घरी पेपर आलाच नाही. त्या तारखांची कात्रणं नसतील तर जालावरून छापून भोक बुजवू नका. ‘पेपर बंद’ एवढं लिहून पान रिकामं सोडा.

कात्रण असेलच तर लक्षात ठेवा, वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. तो पिवळा पडतो, त्याचे तुकडे पडतात, आणि शेजारी टेकलेल्या फोटोवरही तपकिरी सावली सोडतो. इथेही झेरॉक्स वहीत आणि मूळ कात्रण वेगळ्या पाकिटात.

वहीची बांधणी

बांधलेली जाड डायरी घेऊ नका. ४० पानांवर कागद चिकटले की ती पोटुशी होते आणि शिवण सुटते. चार रिंगांची फाइल किंवा सरकारी कचेरीत असते तशी टॅगची फाइल घ्या. पान मागेपुढे करता येतं, आणि दोन वर्षांनी मावशीकडे सापडलेला फोटो योग्य तारखेला घालता येतो. पानांसाठी १५० ते २०० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम, म्हणजे जाडसर) चित्रकलेचा कार्ट्रिज कागद, पाकिटावर ‘ॲसिड-फ्री’ (आम्ल नसलेला) लिहिलेला. सुती चिंध्यांचा हातकागदही चालतो, फक्त पाकळ्या आणि गवत घातलेला नको, त्यातून रंग उतरतो. रिंगच्या बाजूला प्रत्येक दोन पानांमध्ये त्याच कागदाची दोन सेंटिमीटर रुंद पट्टी भोकं पाडून घाला. पानांवर वस्तू चढल्या तरी फाइल सरळ मिटते.

प्लास्टिकच्या पाकिटांवर त्रिकोणात ५ आकडा किंवा ‘पीपी’ (PP) असेल तर घ्या. ३ असेल किंवा काहीच नसेल आणि वास येत असेल तर दुकानदाराला परत द्या. पान उघडून चिकट पृष्ठावर फोटो दाबायचा जुना अल्बम घरात असेल तर नवे फोटो त्यात मुळीच नको. आतले सोडवताना ओढू नका. दात साफ करायचा दोरा फोटोखाली घालून करवतीसारखा हळू सरकवा. न सुटणारे तसेच ठेवून वरून फोटो काढा.

चिकटवण्याबद्दल आमचं मत साफ आहे: फोटोला गोंद लागताच कामा नये. कागदाचे कोपरे करा. ५ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद पट्टी आडवी धरा. वरच्या कडेचा मध्य शोधा. त्या बिंदूपासून डावा भाग खाली दुमडा, मग उजवा, दोन्हींच्या कडा मधोमध भेटतील अशा. वर टोक, खाली दोन शेपट्या. शेपट्या कापून टाका, त्रिकोणी खिसा उरतो. दुमडलेली बाजू पानाकडे ठेवून फक्त तिलाच चिकटवा आणि फोटोचा कोपरा खिशात सरकवा. चार कोपरे, आणि फोटो केव्हाही बाहेर काढता येतो. घडी बसवताना कोपरा फोटोला अगदी घट्ट लावू नका, अर्धा मिलिमीटर सैल हवा. पावसाळ्यात कागद फुगतो आणि घट्ट कोपऱ्यात फोटो मधून उचलला जातो.

कोपरे चिकटवायला मैद्याची खळ पुरते: एक चमचा मैदा, पाच चमचे पाणी, मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ढवळत, काचेसारखी दिसेपर्यंत. थंड झाल्यावर ब्रशने अगदी पातळ. जाड लावलीत तर पान सुरकुततं आणि कसर-झुरळांना मेजवानी होते. खळ दुसऱ्या दिवशी आंबते, रोज ताजी करा. फेविकॉल मजबूत असतो, तेच त्याचं दुखणं, एकदा बसला की सुटत नाही. सेलोटेप काही वर्षांत पिवळी होऊन सुटते आणि डाग मात्र कायमचा ठेवते. स्टेपलरच्या पिना आधीच काढा, मागून पाय सरळ करून. ओढून काढल्यात तर कागद फाटतो, आणि ठेवल्यात तर दोन पावसाळ्यांत गंजतात.

लिहायला पिगमेंट शाईचं, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांचं पेन घ्या. जेल पेनाची शाई पुष्कळदा पाण्याच्या एका थेंबाने पसरते. घ्यायच्या आधी कागदाच्या तुकड्यावर ओळ लिहा, तासाभराने नळाखाली धरा, आणि टिकली तर ते पेन.

आवाज

फोनमधल्या गोष्टींची घाई पावत्यांइतकीच आहे. गेलेल्या माणसाचा नंबर काही महिने रिचार्ज झाला नाही की कंपनी तो दुसऱ्याला देते. मग त्याच चॅटवर एक दिवस अनोळखी चेहरा दिसू लागतो. जुने संदेश तुमच्या फोनमध्ये असतात, पण फक्त तुमच्या फोनमध्ये, आणि फोन बदलताना बॅकअप चुकला की संपलं.

व्हॉट्सॲपमधून प्रत्येक महत्त्वाचं चॅट ‘एक्स्पोर्ट’ करा, एकदा मीडियासह आणि एकदा मीडियाशिवाय. दोन्ही का, तर एका वेळी किती संदेश बाहेर येतात त्याला मर्यादा आहे आणि मीडियासह ती आणखी कमी होते. आलेल्या फाइलची पहिली तारीख बघा. मोठ्या ग्रुपचं चॅट असेल तर ती २०२१ च्या बरीच नंतरची निघू शकते आणि तुम्हाला हवं ते त्याच्याही मागे राहिलेलं असेल. तेव्हा हवे ते दिवस गाठून स्क्रीनशॉट घेण्याला इलाज नाही.

व्हॉइस नोट वेगळ्या गोळा कराव्या लागतात. अँड्रॉइड फोनमध्ये त्यांचा स्वतंत्र फोल्डर असतो, आत आठवड्यागणिक उपफोल्डर: वर्ष आणि आठवड्याचा क्रमांक. फाइलचं नाव ‘पीटीटी’ने (PTT) सुरू होतं, पुढे तारीख, म्हणजे २०२१०४१९ असेल तर १९ एप्रिल २०२१. नावाचा शेवट ‘ओपस’ (.opus). मूळ फाइल तशीच ठेवा आणि एक प्रत एमपीथ्रीमध्ये करा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोच्या नावातली तारीख मात्र तो फोनवर आल्याची असते, काढल्याची नव्हे. त्यावरून प्रसंगाची तारीख ठरवू नका.

वहीत व्हॉइस नोटचं पान करायचं तर बोललेलं शब्दशः उतरवा. ‘हं’, खोकला, मध्येच आलेली कुकरची शिट्टी, ‘थांब गं जरा’, सगळं. शुद्ध मराठीत सुधारून लिहिलंत तर माणूस जातो आणि निरोप उरतो. खाली फाइलचं नाव आणि ती कुठल्या डिस्कवर आहे ते लिहा. क्यूआर कोड छापायची टूम आहे, पण तो ज्या दुव्याकडे नेतो तो दुवा मरतो. फाइलचं नाव मरत नाही.

सगळ्याच्या तीन प्रती ठेवा: लॅपटॉप, बाहेरची हार्ड डिस्क, आणि दुसऱ्या गावातल्या किंवा देशातल्या भावंडाकडे एक. पेन ड्राइव्ह नेण्या-आणण्यापुरता.

लिहिताना

२८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर अवकाशयान फुटलं. दुसऱ्या सकाळी अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात १०६ विद्यार्थ्यांकडून, बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता, कुणी सांगितलं, हे लिहून घेतलं गेलं. अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच विचारलं, तर चौथाई जणांची उत्तरं सपशेल वेगळी होती, आणि खात्री मात्र दांडगी. स्वतःच्या अक्षरातला पहिला कागद दाखवूनही मूळ आठवण परतली नाही. तेव्हा आज लिहिताना पानाच्या वर दोन तारखा घाला, प्रसंगाची आणि लिहिल्याची. समासात तीन खुणा करा: पा म्हणजे स्वतः पाहिलं, ऐ म्हणजे ऐकलं, न म्हणजे नंतर कळलं. घरातल्या दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर तडजोडीची तिसरी गोष्ट तयार करू नका. दोन्ही लावा, नावानिशी.

‘तेव्हा काय वाटलं’ या प्रश्नापाशी पेन अडतं. त्याऐवजी हे विचारा: त्या दिवशी स्वयंपाक कुणी केला, ताट दाराबाहेर कुठे ठेवायचे, अंत्यविधी कुणी फोनवर पाहिला आणि फोन कुणी धरला होता, दहावं कुठे झालं, की राहिलं.

जड आठवण लिहायची एक तपासलेली रीत आहे, जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाची: रोज १५ ते २० मिनिटं, ओळीने तीन-चार दिवस, न थांबता, शुद्धलेखन न बघता. हे लिखाण वहीसाठी नसतं, फाडून टाकलं तरी चालतं. तो विषय आज झेपणार नाही असं वाटलं तर दुसरा घ्यायचा, हाही त्याचाच नियम. लिहू लागल्यापासून झोप उडाली आणि आठवड्याभरात परतली नाही तर वही मिटा आणि डॉक्टरांशी बोला, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर मराठीत बोला.

वॉर्डातल्या फोटोंत मागच्या खाटेवरचा अनोळखी माणूस असतो. वहीत लावलात तरी तो फोटो ग्रुपवर फिरवू नका. लस प्रमाणपत्राच्या क्यूआरवर आणि आधारच्या आकड्यांवर प्रत काढतानाच कागदाची पट्टी ठेवा. घरातलं कुणी ‘माझ्याबद्दल हे नको’ म्हणालं तर ते पान बंद पाकिटात घालून वर त्याचं नाव आणि तारीख लिहा.

ठेवायची जागा

माळा उन्हाळ्यात तापतो, कपाटाचा खालचा कप्पा पावसाळ्यात पाणी बघतो, बाहेरच्या भिंतीला ओल येते. आतल्या भिंतीचं, मधल्या उंचीचं कपाट घ्या. डांबराच्या गोळ्या फोटो आणि प्लास्टिकजवळ नकोत. कडुलिंबाचा पाला पेटीच्या बाहेर ठेवा, आत नको, डाग पडतात. सिलिका जेलच्या पुड्या चालतात, पण आतल्या मण्यांचा रंग बदलला की पुड्या बदलल्या किंवा वाळवल्या पाहिजेत. नाहीतर त्या नुसत्या शोभेच्या. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर वही उघडूच नका. दिवाळीनंतर कोरड्या हवेत एकदा काढा, पंख्याखाली पानं चाळा, बुरशीचा वास येतो का बघा.

पहिलं पान सगळ्यात शेवटी करा. त्यावर वहीत कुणाकुणाच्या गोष्टी आहेत, मूळ कागद कुठल्या पाकिटात, हार्ड डिस्क कुणाकडे, लॅपटॉपवरच्या फोल्डरचं नाव काय, एवढं लिहा. पासवर्ड तिथे नको. तो पाकिटात, पेन्सिलीने. बदलावा लागतो.